एका घराच्या चार चुली

वाटणी हा शब्द मराठी माणसाच्या कानाला नवा नाही. छत्रपतींच्या घराण्याच्या सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या व १७३१ साली वारणेच्या तहाने त्यांच्या सीमा ठरल्या, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढे नोकरीनिमित्त परप्रांती आल्यावर, गावाकडून आलेल्या एखाद्या जाड लिफाफ्यातून आपल्याच घराच्या वाटणीचा कागद सहीसाठी समोर येतो. आमच्याकडेही तो आला. वडिलार्जित घराचे तीन भाग, जमिनीचे तीन तुकडे. मात्र शेवटच्या कलमात लिहिले होते की, विहीर सामाईक राहील आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्याप्रमाणे चालतील. सही करताना मनात आले, एकत्र राहून जे साधत नाही ते वेगळे होऊन साधते काय? आणि साधायचेच असेल तर सामाईक काय ठेवले पाहिजे?

ह्या प्रश्नाचा विचार करावयास लावणारा एक इतिहास आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. तो राजघराण्यांचा नाही, संगणकाचा आहे. बीएसडी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका घराण्यातून फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि ड्रॅगनफ्लाय अशा चार ऑपरेटिंग सिस्टिम निघाल्या. चारही कोणालाही विनामूल्य मिळतात आणि चौघींची मूळ संहिता सर्वांना वाचावयास खुली आहे. 'मग एकीच्या जागी चार कशाला?' असा प्रश्न आमच्या एका स्नेह्याने विचारला. त्याला तोंडी उत्तर देता आले नाही म्हणून हा लेख.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे कचेरीच्या भाषेत सांगतो. संगणकात चालणारे निरनिराळे प्रोग्राम हे अर्जदार समजावेत. प्रोसेसर, स्मृती, चकती ही कचेरीची साधने. कोणत्या अर्जदाराला कोणते साधन किती वेळ द्यावयाचे, कोणाची फाइल कोठे ठेवावयाची, कोणाला आत सोडावयाचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवावयाचे, हे ठरविणारा जो हेडक्लार्क, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या अगदी आतल्या भागास कर्नल म्हणजे गाभा म्हणतात. लिनक्सचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. लिनक्सची जी अनेक वितरणे आहेत त्यांचा गाभा मुळात एकच असून भोवतालची मांडणी निराळी असते. बीएसडीच्या घरात तसे नाही. येथे गाभ्यापासून रोजच्या वापराच्या साधनांपर्यंत सारे एकच मंडळी सांभाळतात. म्हणून वेगळी चूल मांडली की गाभाही वेगळा होतो.

ह्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे युनिक्स. केन थॉम्सन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा पाया घातला. ही प्रयोगशाळा एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीची होती, आणि १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीने त्या कंपनीला टेलिफोनबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती. विकता येत नसलेली वस्तू तिने विद्यापीठांना अल्प शुल्कात, संहितेसह दिली. १९७४ साली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पोहोचली. तेथे बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तीत भर घालून १९७८ साली स्वतःचे वितरण काढले. 'बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन', म्हणजेच बीएसडी, हे नाव त्यावरून पडले. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे साहाय्य मिळाले, आणि १९८३ सालच्या ४.२ ह्या आवृत्तीतून टीसीपी-आयपी ही आजच्या इंटरनेटची भाषा असंख्य विद्यापीठांत जाऊन रुजली.

तोवर बीएसडी वापरणाऱ्याला एटी अँड टीचा परवाना घ्यावा लागे, आणि तो दिवसेंदिवस महाग होत चालला होता. म्हणून १९८९ साली विद्यापीठाने केवळ स्वतः लिहिलेला, जाळ्यासंबंधीचा भाग वेगळा काढून मोकळा केला. त्याची टेप विद्यापीठाकडून घेतल्यास हजार डॉलर पडत. परंतु एकाने घेतलेली टेप दुसऱ्याने फुकट उतरवून घेण्यास कसलीही आडकाठी नव्हती. तरीही कित्येक संस्थांनी हजार डॉलर मोजले.

ह्या यशानंतर कीथ बॉस्टिक ह्या गृहस्थाने एक धाडस केले. एटी अँड टीचा अंश असलेली शेकडो लहानमोठी साधने पुन्हा नव्याने लिहून काढावयाची, आणि तीही स्वयंसेवकांकडून, असा त्याचा बेत होता. मोबदला काय, तर ज्याने जे साधन लिहिले त्याचे नाव त्या साधनापुढे बर्कलीच्या सहकाऱ्यांच्या यादीत छापले जाईल. बाकी काही नाही. ज्यांनी आयुष्यभर मसुदे लिहिले आणि ते दुसऱ्याच्या सहीने बाहेर गेलेले पाहिले, त्या आम्हां कारकुनांना ह्या मोबदल्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माणसे पुढे आली. दीड वर्षात बहुतेक महत्त्वाची साधने नव्याने लिहून झाली, आणि जून १९९१ मध्ये जवळजवळ संपूर्ण प्रणाली मोकळी झाली. गाभ्यातील सहा फाइली तेवढ्या राहिल्या होत्या.

त्या सहा फाइली विल्यम जॉलिट्झ ह्यांनी लिहिल्या. पत्नी लिन ह्यांच्यासह त्यांनी सामान्य माणसाच्या टेबलावरील ३८६ जातीच्या यंत्रावर चालेल अशी प्रणाली सिद्ध करून १९९२ साली '३८६बीएसडी' ह्या नावाने प्रसिद्ध केली. विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रावरची विद्या घरच्या यंत्रावर आली. परंतु दोघांच्या संसारात सर्व दुरुस्त्यांना वेळ मिळेना. जगभरच्या वापरणाऱ्यांनी चुका कळविल्या, उपाय पाठविले. ते उपाय ठिगळांच्या एका गाठोड्यात साठत गेले. गाठोडे मोठे झाले, पण मूळ प्रणालीची नवी आवृत्ती काही निघेना. अशा वेळी घरात जे होते तेच झाले. धीर सुटलेल्यांनी आपापली वाट धरली.

क्रिस डिमिट्रिऊ, थिओ डी राट, अ‍ॅडम ग्लास आणि चार्ल्स हॅनम ह्यांनी २१ मार्च १९९३ रोजी नवे भांडार उघडले आणि एप्रिलमध्ये नेटबीएसडीची पहिली आवृत्ती काढली. दूरदूरच्या माणसांनी संगणकांच्या जाळ्यावरून एकत्र काम करावयाचे, म्हणून नाव 'नेट'. ठिगळांचे गाठोडे सांभाळणाऱ्या नेट विल्यम्स, रॉड ग्राइम्स आणि जॉर्डन हबर्ड ह्यांनी त्याच वर्षी दुसरी चूल मांडली. तिला जूनमध्ये डेव्हिड ग्रीनमन ह्यांनी सुचविलेले फ्रीबीएसडी हे नाव मिळाले.

ह्या दोन्ही चुली पेटल्या त्या वेळी घरावर न्यायालयाची जप्ती येते की काय, अशी धास्ती होती. युनिक्सचे हक्क ज्या उपकंपनीकडे गेले होते तिने, बर्कलीची संहिता विकणाऱ्या एका नव्या कंपनीवर १९९२ साली दावा लावला आणि पुढे विद्यापीठालाही त्यात ओढले. विद्यापीठाने उलट दावा केला. त्याचा मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे : तुम्ही आमची संहिता तुमच्या युनिक्समध्ये घातलीत, मात्र परवान्यात लिहिल्याप्रमाणे आमचे नाव दिले नाहीत. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या, काहींत किरकोळ बदल झाले आणि सुमारे ७० फाइलींवर त्या कंपनीच्या हक्काची ओळ घालण्यात आली. अठरा हजारांत तीन! अभिलेख-कक्षात बसलेल्या माणसाला ह्या आकड्याचे हसू येते आणि वाईटही वाटते. कारण दोन वर्षे ह्या घराकडे येणाऱ्यांच्या मनात शंका राहिली, आणि तेवढ्यात १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्सकडे पुष्कळ हात वळले. ३८६बीएसडी आधी हाती आली असती तर कदाचित आपण लिनक्स लिहिलेच नसते, असे खुद्द टॉर्व्हाल्ड्स ह्यांनी पुढे सांगितले आहे. जून १९९४ मध्ये विद्यापीठाने निर्वेध अशी आवृत्ती दिली, दोन्ही घरांनी आपला पाया तिच्यावर नव्याने बांधला. आणि पुढच्याच वर्षी बर्कलीचा तो संशोधक-गट बंद झाला. वडीलधारे गेले, आता जे काही ते भावंडांचेच होते.

तिसरी वाटणी कडवट झाली. डिसेंबर १९९४ मध्ये नेटबीएसडीच्या प्रमुख मंडळाने आपल्याच संस्थापकांपैकी एक, थिओ डी राट, ह्यांना मंडळातून जावयास सांगितले. त्यांचे सहकाऱ्यांशी व वापरणाऱ्यांशी बोलणे फार कठोर असते, असे इतरांचे म्हणणे होते. झालेला पत्रव्यवहार डी राट ह्यांनी पुढे सर्वांसमोर ठेवला. आम्ही तीस वर्षांनंतर त्याचा निवाडा करीत नाही. पुढे काय झाले ते महत्त्वाचे. भांडारात बदल करण्याचा अधिकार गेलेल्या ह्या माणसाने ऑक्टोबर १९९५ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथून ओपनबीएसडी सुरू केली आणि आपले भांडार जगातील कोणालाही, केव्हाही वाचता येईल असे उघडे ठेवले. त्या काळी ही गोष्ट नवीन होती. नावातील 'ओपन'चा अर्थ तो.

चौथी वाटणी तत्त्वाच्या प्रश्नावर झाली. एका यंत्रात अनेक प्रोसेसर बसू लागले होते. ह्यापूर्वीची फ्रीबीएसडी म्हणजे एकच किल्ली असलेली अभिलेख-खोली होती. आत एका वेळी एकच कारकून जाणार, बाकीचे बाहेर उभे. पाचव्या आवृत्तीत मंडळींनी ठरविले की, प्रत्येक कपाटाला स्वतंत्र कुलूप लावावे. मॅथ्यू डिलन ह्यांचे म्हणणे पडले की, कुलपांची संख्या वाढवून गुंता वाढेल. त्यापेक्षा प्रत्येक कारकुनाला स्वतःचे टेबल द्यावे आणि एकमेकांशी चिठ्ठ्यांनी व्यवहार करू द्यावा. मत मान्य झाले नाही. जुलै २००३ मध्ये त्यांनी फ्रीबीएसडीच्या चौथ्या मालिकेवरून ड्रॅगनफ्लाय वेगळी काढली.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. चौघींत अंतर कोणते? प्रत्येकीने वेगळे कर्तव्य पत्करले, हे ते अंतर होय. फ्रीबीएसडीने आरंभी नेहमीच्या यंत्रावर सारे लक्ष केंद्रित केले. काम वेगाने व्हावे, मोठा भार पेलावा, इतरांचे प्रोग्राम सहज बसविता यावेत, हा तिचा ध्यास. एकाच यंत्रात एकमेकांपासून बंदिस्त अशा अनेक खोल्या करण्याची 'जेल' ही तिची युक्ती २००० सालची. नेटफ्लिक्सचे चित्रपट घरोघरी पोहोचविणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. नेटबीएसडीने ठरविले की, कोणतेही यंत्र परके मानावयाचे नाही. यंत्राशी निगडित भाग आणि सर्व यंत्रांना समान भाग ह्यांच्यात तिने इतकी स्वच्छ रेघ आखली की, मोडीत निघालेल्या जुन्या संगणकांपासून लहानशा उपकरणांपर्यंत ती जाऊन बसते. २००५ साली तर पाव भाजण्याच्या टोस्टरवर ती चालवून दाखविण्यात आली.

ओपनबीएसडीने राखणदारी पत्करली. १९९६ पासून तिची मंडळी संहिता ओळीओळीने तपासू लागली. चोर सापडेपर्यंत न थांबता, खिडकी सैल आहे काय हे आधीच पाहावयाचे. जी सेवा मागितलेली नाही ती बंदच ठेवावयाची, आणि माहितीपुस्तकातील चूक ही प्रणालीतील चुकीइतकीच गंभीर मानावयाची, हे तिचे नियम. त्या काळात अमेरिकेतून बळकट गुप्तलेखन परदेशी पाठविण्यावर कडक निर्बंध होते. कॅनडात घर असल्यामुळे तिला ते आपल्या प्रणालीत घालता आले. ड्रॅगनफ्लायने आपल्या वेगळ्या टेबलांचा विचार तडीस नेला आणि २००८ साली हॅमर नावाची स्वतःची फाइल-व्यवस्था घडविली.

येथवर वाचून कोणास वाटेल की, मग वाटणीत तोटा काहीच नाही. जमिनीची वाटणी झाली की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. संहितेच्या वाटणीत प्रत्येक भावाला आख्खे घर मिळते, कारण नक्कल करण्यास खर्च येत नाही. हे खरे आहे. परंतु घराची नक्कल होते, हातांची होत नाही. दहा माणसे पाच-पाच झाली की, तेच छप्पर प्रत्येकाला निम्म्या हातांनी शाकारावे लागते. नव्या यंत्राचा एखादा भाग बाजारात आला की, त्याला चालविणारी संहिता चार घरांत चार वेळा लिहावी लागणार. हा तोटा खरा आहे, आणि लिनक्सच्या विस्तारापुढे ही घरे लहान राहिली त्याचे हे एक कारण आहे.

हा तोटा भरून काढला तो सामाईक विहिरीने. ही विहीर म्हणजे बर्कलीचा परवाना. त्याच्या अटी पानभरही नाहीत : वापरा, बदला, विका, लेखकाचे नाव व ही अट कायम ठेवा, आणि काही बिघडल्यास आम्हांस जबाबदार धरू नका. जाहिरातीतही विद्यापीठाचे नाव द्यावे अशी आणखी एक अट होती, ती विद्यापीठाने १९९९ साली आपण होऊन काढून टाकली. ह्यामुळे भांडलेली घरेही एकमेकांकडून उचल करीत राहिली. यूएसबीची जोडणी नेटबीएसडीत लिहिली गेली आणि शेजारच्या दोन्ही घरांत गेली. यंत्र सुरू होताना सेवा कोणत्या क्रमाने चालू कराव्यात ह्याची नेटबीएसडीची व्यवस्था फ्रीबीएसडीने आपल्या पाचव्या आवृत्तीत घेतली. ओपनबीएसडीने २००१ साली 'पीएफ' हा पहारेकरी नव्याने घडविला, तो पुढे इतरांच्या दाराशीही उभा राहिला. आणि १९९९ साली त्याच घरातून निघालेले ओपनएसएसएच तर आज जगभर आहे. आपल्या कचेरीतील संगणक-विभागाचा माणूस दूरच्या सर्व्हरमध्ये शिरतो तेव्हा बहुधा तेच कुलूप उघडत असतो. ज्या माणसाला घराबाहेर काढले त्याच्या चुलीवरचे अन्न सगळे घर खात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र ह्या विहिरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्यावर भावांचाच नव्हे, सर्वांचाच हक्क आहे. लिनक्सचा परवाना असा की, जो त्यात भर घालून वाटील त्याने ती भरही सर्वांस खुली करावी. बीएसडीचा परवाना असे काही मागत नाही. २००१ सालच्या अ‍ॅपलच्या मॅक ओएस टेनमध्ये फ्रीबीएसडीचा मोठा अंश गेला. २०१३ साली आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन-४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवरूनच बेतलेली आहे. ह्यात बेकायदा काही नाही. ज्यांनी दिले त्यांनी समजून उमजून दिले. पण २०१४ च्या जानेवारीत ओपनबीएसडीवर अशी पाळी आली की, कॅलगरीतील यंत्रांच्या विजेच्या बिलासाठी सुमारे २०,००० डॉलर कोठून आणावेत हा प्रश्न पडला आणि उघड आवाहन करावे लागले. ज्यांच्या कुलपावर जगातील मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार सुरक्षित चालत होते, त्यांच्या घरी वीज जाण्याची वेळ आली! पैसे जमले आणि दिवा विझला नाही. तरी पाणी भरणारे किती आणि कठडा बांधणारे किती, हे त्या एका महिन्यात दिसून आले.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. केवळ स्वभाव जुळत नाहीत म्हणून झालेली फारकत माणसांना दमवते. वेगळे झालेल्याने वेगळे कर्तव्य अंगावर घेतले, तर फारकतीचे चीज होते. मात्र सामाईक राहिलेली गोष्ट बुजू दिली, तर सर्वच घरे कोरडी पडतात. ह्या चार चुलींनी तीस वर्षांत एकमेकांना कडू शब्द पुष्कळ ऐकविले, पण एकमेकांची नावे संहितेतून खोडली नाहीत आणि पाणी अडविले नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाहून धाकट्या काकांचा फोन आला. विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळला होता. गवंड्याने खर्च सांगितला होता आणि तो तिघांत विभागायचा होता. आम्ही तेथे राहत नाही, वर्षातून चार दिवस जातो आणि त्या विहिरीचे पाणी आमच्या वाट्याला फार तर आठ-दहा कळश्या येते. क्षणभर तसे बोलूनही दाखवावे असे वाटले. मग सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आमचे नाव अजून आहे, हे आठवले. आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून आमचा हिस्सा पाठवून दिला.